विश्लेषण : मोठ्या जातीचे पिल्लू घेताय? खरा ब्रीडर आणि दलाल यांतला फरक कसा ओळखाल?

मोबाइलवर रील येते. टोपलीत बसलेले रॉटवायलर, लॅब्रॅडॉर किंवा ग्रेट डेनचे गुबगुबीत पिल्लू आणि खाली ओळ : 'शो क्वालिटी, हेवी बोन, विथ पेपर. शेवटची दोन बाकी.' सोबत व्हॉट्सॲप क्रमांक. टोकनची रक्कम पाठवली की भेटीचे ठिकाण कळवले जाते. ते बहुतेक वेळा कुणाचे घर नसते. एखादा पेट्रोल पंप किंवा मेट्रो स्थानकाबाहेरचा कोपरा असतो. पिल्लू घरी येते, घर आनंदात असते. आठ-दहा महिन्यांनी ते जिना चढताना थबकू लागते, उठताना मागचे पाय ओढते. एक्स-रे पाहून पशुवैद्यक सांगतात की खुब्याचे सांधे नीट बसलेले नाहीत. तोवर तो व्हॉट्सॲप क्रमांक बंद झालेला असतो.

मोठ्या जातींच्या बाबतीत हीच खरी अडचण आहे. दोष विक्रीच्या दिवशी दिसत नाही. त्यामुळे पिल्लू कितीही निरखून पाहिले तरी उपयोग मर्यादित असतो. तपासायचे ते पिल्लाचे आई-वडील आणि ते विकणारा माणूस. हे कसे करायचे, कायदा तुमच्या बाजूने किती आहे आणि 'पेपर' म्हणजे नेमके काय, याचा हा आढावा.

हा विषय चर्चेत का आला?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना एक पत्र पाठवले. पिटबुल टेरिअर, रॉटवायलर, मॅस्टिफ, केन कोर्सो, अमेरिकन बुलडॉग, कॉकेशियन शेफर्ड यांच्यासह २३ जाती आणि त्यांच्या संकरित कुत्र्यांची आयात, प्रजनन व विक्री यांसाठी परवाने देऊ नयेत, असे त्यात म्हटले होते. ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीपासून आहेत, त्यांची नसबंदी करावी, अशीही सूचना होती. कुत्र्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावल्याच्या घटनांची पार्श्वभूमी या पत्राला होती.

हे पत्र न्यायालयात टिकले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केले. त्यानंतर १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयानेही ते बाजूला सारले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता निर्णय घेतला, हा आक्षेप महत्त्वाचा ठरला. पुढे मे महिन्यात केंद्राने लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या.

या सगळ्या गदारोळात चर्चा 'कोणती जात धोकादायक' यावरच फिरत राहिली. 'कुत्रा कुणी, कसा आणि कुठे पैदा केला' हा प्रश्न मागे पडला. खरे तर कुत्र्याचे आरोग्य आणि स्वभाव या दोन्हींचा पाया तिथेच घातला जातो. २५-३० किलोच्या पुढच्या कुत्र्याचा स्वभाव बिघडलेला असेल, तर त्याची किंमत छोट्या पॉमेरेनियनच्या चाव्यापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यामुळे बंदी राहो वा न राहो, ब्रीडरची निवड हा घराच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

मोठ्या जातींचा धोका वेगळा का?

ग्रेट डेनचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वजन साधारण अर्धा किलो असते. वर्षभरात ते ५० किलोच्या आसपास पोहोचते, म्हणजे सुमारे शंभर पट. माणसाच्या बाळाचे वजन पहिल्या वर्षात जेमतेम तिप्पट होते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या शरीरात हाडे, सांधे आणि स्नायू यांचा मेळ थोडा जरी चुकला, तरी त्याचा ताण आयुष्यभर राहतो.

यातला सर्वांत परिचित विकार म्हणजे हिप डिस्प्लेशिया. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत घट्ट बसायला हवा. तो सैल राहिला की प्रत्येक पावलाला घासतो, कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात होतो. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड या जातींत तो वारंवार आढळतो. हा विकार आनुवंशिक आहे, पण एका जनुकामुळे होणारा नाही. अनेक जनुके आणि वाढीच्या काळातले खाणे, वजन, व्यायाम यांचा तो एकत्रित परिणाम असतो. गंभीर अवस्थेत शस्त्रक्रिया करावी लागते आणि सांधा बदलायची वेळ आली तर खर्च लाखांत जाऊ शकतो.

खुब्याशिवाय कोपराचा डिस्प्लेशिया आहे. डोबरमन आणि ग्रेट डेनमध्ये हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगण्याचा विकार आढळतो. वरवर ठणठणीत दिसणारा डोबरमन त्यामुळे अचानक कोसळू शकतो. जर्मन शेफर्डमध्ये उतारवयात मज्जारज्जूची झीज होऊन मागचे पाय लुळे पडतात. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा दगावतो.

आठ आठवड्यांच्या पिल्लात यातले जवळपास काहीही दिसत नाही. हिप डिस्प्लेशिया होणार असलेली पिल्लेही इतर पिल्लांसारखीच दुडुदुडु धावतात. म्हणूनच विकणारा 'हात लावून बघा, हाडे किती मजबूत आहेत' असे म्हणतो, तेव्हा त्यातून काहीच सिद्ध होत नाही. 'हेवी बोन', 'डबल बोन' हे विक्रीचे शब्द आहेत. पशुवैद्यकशास्त्रात त्यांना काही अर्थ नाही. उलट पिल्लू जितके जास्त खाऊन जाडजूड झालेले, तितका त्याच्या सांध्यांवर भार अधिक.

'केसीआय पेपर' म्हणजे नेमके काय?

केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजेच केसीआय, ही चेन्नईत मुख्यालय असलेली संस्था शुद्ध जातीच्या कुत्र्यांची वंशावळ नोंदवते. तिच्या प्रमाणपत्रावर कुत्र्याचे नाव, जात, जन्मतारीख, मायक्रोचिप क्रमांक आणि मागच्या तीन पिढ्यांची नावे असतात. बाजारात 'विथ पेपर' आणि 'विदाऊट पेपर' असे दोन भाव असतात, ते या प्रमाणपत्रामुळेच.

हे प्रमाणपत्र उपयोगी आहे, पण ते वंशावळीचे आहे, तब्येतीचे नाही. गाडीचे नोंदणी पुस्तक आणि गाडीचा तपासणी अहवाल यांत जो फरक, तोच इथे. आरसी बुक खरे असले म्हणजे ब्रेक चांगले आहेत असे होत नाही. खुब्यांचा एक्स-रे न काढलेल्या दोन कुत्र्यांच्या पिल्लांनाही व्यवस्थित कागद मिळू शकतात.

तरीही कागद हातात घेऊन तीन गोष्टी नक्की पाहाव्यात. पहिली, चिपचा १५ अंकी क्रमांक. पशुवैद्यकाकडच्या स्कॅनरने पिल्लाच्या मानेजवळची चिप वाचता येते. स्कॅनरवरचा आणि कागदावरचा क्रमांक जुळला नाही, तर तो कागद त्या पिल्लाचा नाही. दुसरी, वंशावळीतली नावे. आईच्या आणि वडिलांच्या बाजूला तेच नाव पुन्हा पुन्हा दिसत असेल तर जवळच्या नात्यात प्रजनन झाले आहे. त्यामुळे आनुवंशिक विकारांची शक्यता वाढते. तिसरी, ब्रीडरचे नाव. कागदावरचा ब्रीडर आणि तुमच्याकडून पैसे घेणारा माणूस वेगळे असतील, तर तुम्ही दलालाशी बोलत आहात. 'कागद नंतर कुरिअरने पाठवतो' हे उत्तर म्हणजे कागद नाहीत, असेच धरून चालावे.

कायदा काय सांगतो?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अंतर्गत केंद्राने मे २०१७ मध्ये श्वान प्रजनन आणि विपणन नियम लागू केले. त्यानुसार कुत्र्यांचे प्रजनन करून विक्री करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मध्यस्थ आणि व्यापारीही या नियमांच्या कक्षेत येतात. नोंदणी दोन वर्षांसाठी असते आणि ती देण्यापूर्वी जागेची पाहणी होते.

खरेदीदाराने लक्षात ठेवावेत असे नियम मोजकेच आहेत. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. प्रजननासाठी वापरलेली मादी किमान १८ महिन्यांची आणि निरोगी असावी लागते. लागोपाठच्या दोन माजांत तिच्याकडून पिल्ले घेता येत नाहीत. आयुष्यभरात तिची पाचपेक्षा जास्त वेते होऊ देता येत नाहीत आणि आठ वर्षांनंतर तिचा प्रजननासाठी वापर करता येत नाही. प्रजनन केंद्रातल्या कुत्र्यांना मायक्रोचिप आणि प्रत्येक कुत्र्याची वैद्यकीय नोंदवही बंधनकारक आहे. दुकानांसाठी २०१८ मध्ये वेगळे नियम आले. त्यानुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानालाही नोंदणी लागते.

मग तरी बाजार असा का? एक कारण शिक्षेत आहे. १९६० च्या या कायद्याखालील नियम मोडल्यास जास्तीत जास्त १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. एका पिल्लाचा भाव काही हजारांपासून लाखापर्यंत जात असताना शंभर रुपयांची भीती कुणाला वाटणार? शिवाय विक्री बंद दाराआड आणि मोबाइलवर होते, त्यामुळे तपासणी करायला जागाच सापडत नाही.

ब्रिटनमधल्या अनुभवाशी याची तुलना करता येईल. २०१३ मध्ये वेल्समधल्या एका 'पपी फार्म'मधून ल्यूसी नावाची कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअल जातीची मादी सोडवण्यात आली. वारंवार पिल्ले घेतल्याने तिची अवस्था दयनीय झाली होती. तिच्या नावाने झालेल्या मोहिमेतून इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लांची मध्यस्थांमार्फत व्यावसायिक विक्री बंद झाली. पिल्लू घ्यायचे तर ते जिथे जन्मले त्या ब्रीडरकडून किंवा प्राणी निवारा केंद्रातून, आणि ब्रीडरने ते आईसोबत दाखवलेच पाहिजे. आपल्याकडे असा कायदा नाही. पण तीच अट खरेदीदार म्हणून तुम्ही स्वतः घालू शकता.

दलाल ओळखण्याचे साधे गणित

एका मादीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. त्यानंतर पिल्ले आठ आठवडे आईजवळ. म्हणजे एका वेतामागे चार महिने जातात. बहुतेक माद्या साधारण सहा महिन्यांनी माजावर येतात, काही महाकाय जातींत त्याहूनही उशिरा. लागोपाठच्या माजांत पिल्ले घ्यायची नाहीत हा नियम पाळला, तर एका मादीचे वर्षाला फार तर एक वेत होते.

आता समजा, एखाद्याकडे पाच जातींची पिल्ले बाराही महिने उपलब्ध आहेत. एका वेतातली पिल्ले महिनाभरात विकली जातात असे धरले, तर प्रत्येक जातीची वर्षाला १२ वेते हवीत. म्हणजे प्रत्येक जातीच्या १२ माद्या आणि पाच जाती मिळून ६० माद्या. शिवाय नर वेगळे. त्या ६० माद्या कुठे आहेत? त्यांना रोज फिरवतो कोण? याचे उत्तर दोनपैकी एकच असू शकते. एक तर तो माणूस ब्रीडर नसून इकडून-तिकडून पिल्ले आणून विकणारा आहे, किंवा त्याच्या माद्या पिंजऱ्यात असून दर माजाला त्यांच्याकडून पिल्ले घेतली जात आहेत.

म्हणून 'कोणती जात पाहिजे? सगळ्या मिळतील, उद्याच घेऊन जा' हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. चांगल्या ब्रीडरकडे एखाद-दोनच जाती असतात, वर्षाला मोजकी वेते असतात आणि बहुधा प्रतीक्षा यादी असते. सहा महिने थांबावे लागणे हे इथे वाईट लक्षण नाही.

आई-वडिलांच्या कोणत्या तपासण्या विचाराव्यात?

फोनवर पहिला प्रश्न किमतीचा न विचारता हा विचारावा : 'आई आणि वडील दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का? अहवाल पाठवाल का?'

जगभरात यासाठी ठरलेल्या पद्धती आहेत. अमेरिकेतील ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था १९६६ पासून या क्षेत्रात काम करते. कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावर काढलेल्या एक्स-रेवरून ती उत्कृष्टपासून गंभीर दोषापर्यंत सात श्रेणी देते. युरोपात ए ते ई अशा श्रेणी वापरतात. ए म्हणजे निर्दोष. जर्मनीत जर्मन शेफर्डच्या मूळ संघटनेत खुब्याचा एक्स-रे मान्य झाल्याशिवाय त्या कुत्र्याला प्रजननाची परवानगी मिळत नाही.

भारतात अशी सक्ती नाही. त्यामुळे अनेक ब्रीडर हा प्रश्न ऐकून गोंधळतील किंवा चिडतीलही. पण एक्स-रेची सोय दुर्मीळ नाही. मोठ्या शहरांतल्या खासगी पशुवैद्यकीय रुग्णालयांत तो निघतो. मुंबईत परळचे आणि नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच शिरवळ, परभणी आणि उदगीर इथली महाविद्यालये हे सरकारी पर्याय आहेत. कुत्र्याला गुंगीचे औषध देऊन, पाठीवर झोपवून, पाय सरळ ताणून हा एक्स-रे काढतात. जो माणूस एका वेतातून लाखो रुपये मिळवतो, त्याला हा खर्च जड नाही.

जातीनुसार पुढचे प्रश्न बदलतात. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यासाठी खुबे आणि कोपर दोन्ही. डोबरमनसाठी हृदयाची सोनोग्राफी आणि शक्य असल्यास २४ तासांचे होल्टर मॉनिटरिंग. ग्रेट डेनसाठी हृदय तपासणी, आणि घराण्यात पोटाला पीळ पडून कुत्रा गेला होता का हा थेट प्रश्न. जर्मन शेफर्डमधल्या मज्जारज्जूच्या विकाराशी जोडलेल्या जनुकासाठी डीएनए चाचणीही होते. आजी-आजोबा किती वर्षे जगले आणि कशाने गेले, हे तर कोणत्याही जातीत विचारावे. ज्याने आपले कुत्रे जपले आहेत, त्याला ते पाठ असते.

एक गोष्ट स्पष्ट असायला हवी. आई-वडिलांचे खुबे चांगले असले तरी पिल्लाला त्रास होणारच नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. शक्यता कमी होते, इतकेच. 'आजवर एकाही पिल्लाला काही झाले नाही' असे छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा 'दोन वर्षांपूर्वीच्या वेतात एकाला त्रास झाला, म्हणून ती जोडी पुन्हा लावली नाही' असे सांगणारा ब्रीडर जास्त विश्वासाचा.

प्रत्यक्ष भेटीत काय पाहावे?

पिल्लू जिथे जन्मले तिथे जावे, शक्यतो दोनदा. पहिल्या भेटीत पैसे नेऊच नयेत. घरातल्या लहान मुलांनाही नेऊ नये. पिल्लू मांडीवर बसले की निर्णय तिथेच होऊन जातो.

आई समोर पिल्लांसोबत दिसली पाहिजे. तिचे स्तन ओघळलेले असतील, ती थोडी हडकुळीही असेल. दूध पाजणाऱ्या मादीत ते स्वाभाविक आहे. पण ती भेदरलेली आहे का, मालकाला पाहून शेपूट हलवते की कोपऱ्यात सरकते, परक्या माणसावर धावून येते का, हे बघावे. आईचा स्वभाव पिल्लांत रक्तातून आणि संगतीतून, दोन्ही वाटांनी उतरतो. 'आई गावी आहे', 'आई चावते म्हणून बांधली आहे' ही उत्तरे चालणार नाहीत. नर मात्र दुसऱ्या शहरातला असू शकतो. चांगले ब्रीडर योग्य जोडीसाठी लांबचा नर निवडतात. त्याचे कागद आणि तपासणी अहवाल मात्र मागावेत.

जागेचा वास, लादीची स्वच्छता, पिण्याचे पाणी, ऊन-सावली हे पाहावे. पिल्ले घरातल्या आवाजांना सरावलेली आहेत का हेही. तीन ते साधारण चौदा आठवडे हा पिल्लाचा माणसे, आवाज आणि इतर कुत्रे ओळखायला शिकण्याचा काळ असतो. अंधाऱ्या शेडमध्ये वाढलेले पिल्लू पुढे मिक्सरच्या आवाजालाही दचकते. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचे हेही ते याच काळात शिकते. चार-पाच आठवड्यांत आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो, आणि पुढे जबडा मोठा झाल्यावर त्याचा त्रास घरच्यांना होतो.

ब्रीडरचे नोंदणी प्रमाणपत्र मागावे; त्यावरचा पत्ता आणि मुदत तपासावी. शंका आल्यास जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात चौकशी करता येते. त्यानंतर मागच्या दोन वेतांतली पिल्ले घेतलेल्या कुटुंबांचे क्रमांक मागावेत. त्यांचे कुत्रे आता दोन-तीन वर्षांचे असतील. त्यांच्याशी दहा मिनिटे बोलून जे कळेल, ते कोणत्याही रीलमधून कळणार नाही.

ब्रीडर तुम्हाला प्रश्न विचारतो का?

हीदेखील एक कसोटी आहे. घर स्वतःचे की भाड्याचे, सोसायटीत लिफ्ट आहे का, दिवसभर घरी कोण असते, आधी कुत्रा पाळला आहे का, महिन्याचा खर्च झेपेल का, असे प्रश्न चांगला ब्रीडर विचारतो. कधी नकारही देतो. विदर्भात पारा ४५ अंशांवर जात असताना दाट केसांच्या सेंट बर्नार्डसाठी दिवसभर एसीची सोय आहे का, असे विचारणाऱ्याचा राग मानू नये. 'कधीही ठेवता आला नाही तर मला परत द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका' ही अट तो लेखी घालत असेल, तर आपल्या पिल्लांची जबाबदारी तो मानतो असे समजावे.

पहिले दोन आठवडे आणि पुढचे दीड वर्ष

बाजारातून आणलेल्या पिल्लांचा तातडीचा शत्रू म्हणजे पार्वो. या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे सौद्याच्या दिवशी उड्या मारणारे पिल्लू आठवड्यात उलट्या आणि रक्ताची हगवण होऊन दगावू शकते. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत, पुढचे डोस द्यावे लागतात. 'सगळ्या लसी झाल्या आहेत' असे आठ आठवड्यांच्या पिल्लाबद्दल कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. लसीकरण पुस्तिकेवर लसीच्या बाटलीचे स्टिकर, तारीख आणि पशुवैद्यकाची सही-शिक्का असावा. पिल्लू घेतल्यापासून ४८ तासांत आपल्या पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे आणि तसे करण्याची मुभा व्यवहारात लेखी असावी.

पुढचा भाग तुमच्या हातात आहे. अनेक विक्रेते पिल्लासोबत कॅल्शियमची बाटली देतात. मोठ्या जातींच्या पिल्लांना संतुलित खाद्यावर वरून कॅल्शियम देणे हाडांच्या वाढीला घातक ठरू शकते. ग्रेट डेन पिल्लांवरील संशोधनात हे दिसून आले आहे. पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय ते देऊ नये. वजनाबाबतही तेच. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ अभ्यासात, भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे, तर जास्त खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे भरले. संधिवातही सडपातळ कुत्र्यांत उशिरा आला. गुळगुळीत फरशीवर चटई टाकणे आणि वाढीच्या काळात उंचावरून उड्या मारू न देणे, ही काळजीही उपयोगी पडते.

फसवणूक झालीच तर?

पैसे रोख न देता बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत. पावतीवर जात, जन्मतारीख, चिप क्रमांक, आई-वडिलांची नावे, किंमत आणि विक्रेत्याचा पत्ता लिहून घ्यावा. जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. पिल्लू आजारी निघाले तर पशुवैद्यकाचा तारखेसह लेखी अहवाल घ्यावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार दाखल होते, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्ला घेता येतो. टोकन घेऊन विक्रेता गायब झाला असेल तर तो सायबर फसवणुकीचा प्रकार आहे. १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. माद्यांचे हाल होताना दिसले तर पोलिसांकडे किंवा जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे तक्रार करता येते.

केवळ दया येऊन आजारी पिल्लू विकत घेऊ नये, असे प्राणिमित्र सांगतात ते यासाठीच. एक पिल्लू वाचते, पण त्या पैशांवर त्याच्या आईचे पुढचे वेत ठरते.

विकत घेण्याला पर्याय आहे का?

आहे. हौस फिटल्यावर सोडून दिलेले लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, हस्की मोठ्या शहरांतल्या निवारा केंद्रांत येतच असतात. दोन-तीन वर्षांचा कुत्रा दत्तक घेण्याचा एक व्यावहारिक फायदा आहे : त्याची वाढ पूर्ण झालेली असते, त्यामुळे खुब्याचा एक्स-रे काढून आणि स्वभाव पाहून निर्णय घेता येतो. पिल्लाबाबत जी गोष्ट अंदाजावर सोडावी लागते, ती इथे डोळ्यांनी दिसते.

ज्यांना चपळ, उंच आणि आपल्या हवेत टिकणारा कुत्रा हवा आहे, त्यांच्यासाठी देशी जातीही आहेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातला कारवान किंवा मुधोळ हाउंड त्यातला जवळचा. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या तिम्मापूर येथे या जातीसाठी पशुवैद्यकीय विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. मात्र हा शिकारी वंशाचा धावणारा कुत्रा आहे. रोज मोकळे पळायला जागा नसेल तर तोही फ्लॅटमध्ये सुखी राहत नाही. आणि देशी जातीच्या विक्रेत्यालाही वरचे सगळे प्रश्न विचारायचेच आहेत.

ब्रीडरला फोन करण्याआधी पाच गोष्टी लिहून ठेवा : नोंदणी प्रमाणपत्र, आई समोर पाहणे, दोन्ही पालकांच्या खुब्यांचे अहवाल, आठ आठवडे पूर्ण आणि आधीच्या दोन मालकांचे क्रमांक. यातल्या एकाला जरी 'ते नंतर बघू' असे उत्तर आले, तर टोकन पाठवू नका. मोठ्या जातीचा कुत्रा आठ-दहा वर्षे, नशिबाने बारा वर्षे तुमच्यासोबत राहणार आहे. त्यासाठी काही महिने थांबणे परवडते.